उजवीकडचा पडदा

दर वेळी मलाच का सांगायला लावता? तुमच्या त्या मोबाइलात ढीगभर भुतं भरलीत, त्यांना विचारा की. माझा घसा बसलाय, कंबर धरलीय आणि ही गोष्ट सांगायला मला आवडत नाही. बरं, बसा. पण मधे कुणी खिदळलं तर दिवा घालवून झोपायला जाईन. आणि ए कार्टे, त्या टीव्हीवरचं फडकं ओढू नकोस. ते असू दे तसंच.

हे घडलं फुंक्यासोबत. तोच तो, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. काहीही बिघडलेलं हातात द्या, आधी त्यावर फुंकर मारणार, मग बघणार. मोबाइल असो नाहीतर पंखा. एकदा माझ्या चष्म्यावर मारली. मी चौथीत शाळा सोडली, मला त्या यंत्रांतलं ओ की ठो कळत नाही. त्यानं सांगितलं तसं सांगतो. आणि फुंक्या थापा मारत नाही. थापा मारायला डोकं लागतं.

आपल्या वरच्या मजल्यावर शिलाईवाल्या ताई राहतात. त्यांना दोन मुलगे होते. थोरला अबोल. धाकटा म्हणजे नुसता उपद्व्याप. माझ्या खिडकीबाहेर उभा राहून मोबाइलनं माझ्या टीव्हीचं चॅनल बदलायचा. मी बातम्या बघतोय आणि मधेच नाचणारी अस्वलं! मला वाटलं टीव्ही बिघडला. थपडा मारून हात दुखले. शेवटी उचलून दुकानात नेला, तर दुकानदार चारचौघांत हसला. मग एक दिवस ताईंनीच कार्ट्याला पकडलं आणि कान धरून माझ्या दारात उभा केला.

"माग माफी आजोबांची."

"उद्या मागतो," म्हणाला आणि कान सोडवून जिन्यावरून पळाला.

त्याच रात्री दोघं भाऊ कॉम्प्युटरवर खेळत होते. धाकटा म्हणाला, दादा, डोकं दुखतंय. थोरला म्हणाला, थांब, एवढा डाव संपू दे. डाव संपायच्या आत पोरगं खुर्चीतून खाली आलं. ताप मेंदूत गेला म्हणे. सकाळपर्यंत...

असो.

आता ते यंत्र. दोघा भावांनी मिळून जमवलेलं. चित्र काढायला आत एक जाड कार्ड असतं, ग्राफिक्स कार्ड म्हणतात त्याला. यात दोन होती. वरचं थोरल्याचं, खालचं धाकट्याचं, आणि दोघांना जोडणारी मधे एक पट्टी. टेबलावर पडदेही दोन. डावीकडे थोरला बसायचा, उजवीकडे धाकटा. धाकटा गेल्यावर ताईंनी उजवीकडचा पडदा बहिणीच्या घरी धाडला. डोळ्यांसमोर नको म्हणून.

तेव्हापासून डावीकडचाही धड चालेना. लुकलुकायचा, मधेच काळा व्हायचा. आणि थोरला त्याच्यापुढून उठेना. जेवायला बसवलं तर मान उजवीकडे. बघावं तर उजवीकडे नुसती भिंत. घास तसाच हातात. पोराची नुसती हाडं राहिली. ताई फुंक्याला म्हणाल्या, "भाऊ, ते नीट तरी करा नाहीतर कायमचं बंद तरी करा. एक गेला. दुसरा माझ्यादेखत चाललाय."

मागच्या थंडीतला शेवटचा शनिवार. दुकान बंद करून फुंक्या वर गेला तेव्हा साडेनऊ झाले असतील. झाकण उघडलं तर आत कापडाचे तंतू, दोऱ्यांचे तुकडे, सगळं गच्च. त्यानं फुंकर मारली, ते त्याच्याच तोंडात आलं.

"ताई, यात एक उशी भरेल," म्हणाला.

मग त्याला चूक सापडली. शिलाईचा बुरा उडतो म्हणून ताई रोज यंत्राच्या मागच्या वायरी काढून पुसायच्या आणि पुन्हा खोचायच्या. खोचताना थोरल्याच्या पडद्याची वायर त्यांनी धाकट्याच्या कार्डात घातली होती.

"म्हणजे इतके दिवस हा धाकट्याच्या कार्डातून बघतोय," फुंक्या हसत म्हणाला.

कुणी हसलं नाही.

त्यानं वायर वरच्या कार्डात लावली. मग ड्रायव्हर काढून टाकला. गाडीचा नव्हे रे! मीही तेच विचारलं होतं. कार्डाला कामाला लावणारा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. जुना काढला, नवा घातला, यंत्र बंद करून चालू केलं. पडदा लख्ख. ताईंचा जीव भांड्यात पडला. चहा टाकायला आत गेल्या.

फुंक्यानं सहज माउस हलवला. पडद्यावरचा तो पांढरा बाण उजवीकडे सरकला. कडेला गेला.

थांबला नाही.

पलीकडे गेला. दिसेनासा झाला. फुंक्यानं माउस डावीकडे ओढला तेव्हा परत आला.

यंत्राला विचारलं तर ते म्हणे, पडदे दोन आहेत. एक डावीकडे, एक उजवीकडे. वायर एकच, पडदा एकच, आणि हे म्हणतंय दोन.

"होतं असं. जुनं लक्षात राहतं त्याच्या," फुंक्या म्हणाला. यंत्र बंद करून त्यानं खालचं कार्डच उपटलं, फुंकर मारून बाजूला ठेवलं. पुन्हा चालू केलं.

पडदे दोन.

"खेळ लावून बघा," थोरला बोलला. कितीतरी दिवसांनी बोलला.

फुंक्यानं खेळ लावला. पडद्यावर काहीच नाही. आवाज मात्र यायला लागला. खडीवरून कुणीतरी चालतंय... थांबतंय... पुन्हा चालतंय. खेळ सुरू होता, पण त्याचं चित्र त्या नसलेल्या पडद्यावर उमटत होतं.

आता फुंक्याला जे सुचलं त्यात त्याची चूक नाही. चित्र भलत्या जागी हरवलं तर तिथं खरा पडदा लावायचा, चित्र ओढून इकडे घ्यायचं आणि मग तो बंद करायचा. अशीच रीत आहे म्हणे. पण रात्री अकराला पडदा आणणार कुठून? आला माझ्या दारात.

"काका, टीव्ही द्या. तासाभरात परत आणतो."

मी बातम्या बघत होतो. दोन शिव्या घातल्या आणि दिला.

त्यानं खालचं कार्ड परत बसवलं. माझ्या टीव्हीची वायर त्यात लावली. टीव्ही ठेवला उजवीकडे, धाकट्याच्या जागी.

चित्र आलं. रात्रीचा रस्ता. पुढे लोखंडी फाटक. दोन गडी शेजारी शेजारी उभे राहिले तरच ते उघडतं, असा तो खेळ. फाटकापाशी एकच गडी होता, पाठमोरा. पिवळी टोपी. धाकट्याचा गडी.

"हाच डाव," थोरला म्हणाला. "हाच राहिला होता."

फुंक्या म्हणाला, जुना साठवलेला असेल.

गडी दोन पावलं चालला. थांबला.

धाकट्याचा बटणांचा कंट्रोलर कपाटात होता. कुलपात.

गडी वळला. चेहरा... चेहऱ्याचं फुंक्या सांगत नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उठून गेला.

थोरल्यानं स्वतःचा कंट्रोलर उचलला. डावीकडच्या पडद्यावर त्याचा गडी उभा राहिला. चालायला लागला. फाटकाकडे. इकडे थोरल्याचे ओठ निळे पडत चालले. श्वास अडकत होता. पण बोटं थांबेनात.

"आलो," म्हणाला. "थांब... आलो."

फुंक्यानं कंट्रोलर ओढला. सुटेना. टीव्हीची वायर उपटली. चित्र तसंच. टीव्हीचा प्लग काढला. तसंच. यंत्राचा प्लग काढला. आतले पंखे एकेक करून थांबले.

खालच्या कार्डाचा थांबला नाही.

फुंक्यानं त्यावर फुंकर मारायला तोंड उघडलं. का, ते त्यालाही ठाऊक नाही. फुंकर निघालीच नाही.

थोरल्याचा गडी फाटकाशी पोचत आला. फाटक करकरलं.

...

ताई दारात होत्या. हातात चहा. कप खाली ठेवले, चालत आल्या आणि टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. रोज रात्री दोघांना म्हणत असतील तशाच म्हणाल्या, "बास आता. डाव संपला. दादाला झोपायचंय. तूही झोप."

काही झालं नाही.

"ऐकलंस ना?"

गडी त्यांच्याकडे बघत राहिला. किती वेळ, कुणास ठाऊक. मग वळला. ते फाटक एकट्याला कधी उघडत नाही, थोरला शपथेवर सांगतो.

उघडलं.

दोन्ही पडदे काळे झाले. पंखा थांबला. थोरल्यानं असा श्वास ओढला, जसा विहिरीतून वर आलाय. मग आईच्या कमरेला मिठी मारून ढसाढसा रडला, आणि मग जेवायला मागितलं. आता कामाला जातो. मान सरळ आहे. फुंक्या तेव्हापासून ब्रश वापरतो.

माझा टीव्ही त्यानं त्याच रात्री दारात ठेवला आणि बेल वाजवून पळाला. मी सकाळी लावून बघितला. काचेवर एक लहानसा पांढरा बाण. बंद केला, तरी आहे. प्लग काढला, तरी आहे. दुकानदार म्हणाला, काच जळलीय, काका, भंगारात द्या. पण जळलेला डाग जागचा हलत नाही. हा हलतो. परवा उजव्या कोपऱ्यात होता, काल मधोमध. आज...

कार्टे, फडकं सोड म्हटलं ना!

भंगारात कशाला देऊ? रोज झोपताना मी त्याला सांगतो, बोलून टाक आणि जा बाबा. आईनं झोप म्हटलं तर झोपलास, मग इथं काय राहिलंय तुझं? पण मला माहीत आहे काय राहिलंय. उद्या मागतो म्हणाला होता. माफी यायची आहे अजून. धाकट्याची.