इथलं काही बांधायचं नाही

"मी इथून हलणार नाही! दारावर कागद लावलाय ना? मग मला कुणी बांधू शकत नाही!"

न्हाणीघरातल्या कोरड्या टबात, अंगावरच्या कपड्यांनिशी, गुडघे पोटाशी घेऊन जोएल बसली होती. बाजूला पासपोर्टांची पिशवी, दोन सुटकेसा, आईचे चकचकीत काळे बूट... आणि उघड्या दारावर तिच्याच टपोऱ्या अक्षरांतला कागद : 'इथलं काही बांधायचं नाही.'

फौजेतल्या घरांची ही रीतच आहे. सामान बांधायला येणारी माणसं हाताला लागेल ते गुंडाळतात. विचारत नाहीत, थांबत नाहीत. जोएलच्या आईच्या, रेनिटाच्या, मागच्या एका बदलीत त्यांनी भरलेली कचऱ्याची बादली जशीच्या तशी खोक्यात घातली होती, आणि ती केळ्याच्या सालींसकट दुसऱ्या गावी सुखरूप पोचली होती! तेव्हापासून विमानातून स्वतःबरोबर न्यायचं ते सगळं न्हाणीघरात ठेवायचं आणि दारावर कागद लावायचा, हे या घराला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

दारात उभी असलेली व्हर्डेल भाचीकडे बघत राहिली. तिला हसूच आलं... बारा वर्षांची झाली तरी ओठ काढून बसली की ही पोर अजून चार वर्षांची दिसते!

"मावशी, तू सांग ना आईला. मी तुझ्याजवळ राहते. पहिल्यासारखी."

पहिल्यासारखी! व्हर्डेलच्या काळजात तो शब्द कितीतरी वेळ घुमत राहिला. जोएलचा बाप कॅन्ससला दुसरा संसार थाटून बसला, आणि सार्जंट रेनिटा फौजेच्या हुकमाने जिथे मुलं नेता येत नाहीत अशा वाळवंटांत एकदा नव्हे, तीनदा जाऊन आली. त्या सगळ्या काळात पाइनच्या झाडांखालच्या या छोट्या लाकडी घरात व्हर्डेल आणि जोएल, दोघीच. शेजारच्या फौजी तळावरून हेलिकॉप्टर गेलं की कपाटातल्या कपबशा किणकिणायच्या आणि जोएल झोपेतच विचारायची, "आई आली?" व्हर्डेल तिच्या केसांतून हात फिरवत म्हणायची, "येईल हं." अशा किती दुपारी, किती संध्याकाळी एखाद्या संथ स्वप्नासारख्या वाहून गेल्या... त्या स्वप्नाला शेवट असतो हे व्हर्डेल विसरूनच गेली होती.

आता रेनिटाची बदली जर्मनीतल्या तळावर झाली होती. तिथे घर मिळणार होतं, शाळा मिळणार होती, मुलीला नेता येणार होतं. फक्त मुलीला. फौजेच्या लेखी मावशी हे नातंच नव्हतं.

व्हर्डेल स्वयंपाकघरात आली तेव्हा रेनिटा खिडकीशी पाठमोरी उभी होती. गणवेश कडक, पाठ ताठ. पण खांदे हलत होते.

"ताई, मी ठरवलंय," ती न वळताच म्हणाली. "मी एकटी जाते. तिला असं ओढत नेऊन काय मिळवणार मी? ती तुझीच आहे. मी तर सुट्टीत येणारी पाहुणी."

व्हर्डेलला वाटलं, इतकं सोपं होतं? तोंड उघडायचीसुद्धा गरज नव्हती! नुसतं गप्प राहायचं... आणि उद्या सामानाची गाडी निघून गेली असती, सकाळी पुन्हा तेच पाय जिन्यावरून धडधडत खाली आले असते, "मावशी, माझे मोजे कुठायत?" म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं. शाळेच्या खानावळीत दिवसभर राबून आल्यावर व्हर्डेलला दुसरं हवं तरी काय होतं या जगात?

"काहीतरी खायला करते तिला," रेनिटा डोळे पुसत वळली. आणि मग, फार हळू, जणू काही परक्या घरात विचारावं तशी, तिने विचारलं, "ताई... ती चिडली की तिला काय आवडतं गं खायला?"

व्हर्डेलने बहिणीकडे पाहिलं. जन्मदात्या आईला आपल्या लेकीची आवड दुसऱ्या बाईला विचारावी लागत होती! तिने ती वर्षं कुठे चैनीत घालवली नव्हती. छावणीतल्या खाटेवर उशाशी जोएलचा फोटो ठेवून, पैसा पैसा इकडे पाठवून घालवली होती. आज ही एकटी गेली तर परत येईल तेव्हा जोएल मोठी झालेली असेल, आणि मग तो प्रश्न विचारायलाही उशीर झालेला असेल.

"कॉर्नब्रेड," व्हर्डेल म्हणाली. "तव्याच्या कडेचा, जरा करपलेला तुकडा. वर मध. मक्याचं पीठ वरच्या फळीवर आहे, तू कर. मी बोलते तिच्याशी."

आणि ती न्हाणीघरात गेली. टबाच्या काठावर बसली नाही, उभीच राहिली. बसली असती तर तिच्याने बोलवलंच नसतं.

"ऊठ, जोएल. पुरे झालं नाटक. तुझी खोली मी भाड्याने दिलीय."

"काय?"

"एक नर्स आहे, इस्पितळातली. पुढच्या आठवड्यात राहायला येतेय."

"माझ्या खोलीत?"

"माझ्या घरातल्या खोलीत!" आपलाच आवाज व्हर्डेलला परका वाटला. "दुसऱ्याचं मूल सांभाळून दमले मी आता. मलाही माझं आयुष्य आहे की नाही?"

जोएलचा चेहरा पांढरा पडला. तिने रडायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, पण ती नुसती टबातून उठली, दारावरचा कागद सरळ केला आणि म्हणाली, "ठीक आहे. तुमच्या घरातून निघते मी."

तुमच्या! ज्या तोंडाने आजवर मावशीला अगंतुगंच केलं, त्या तोंडून तो एक शब्द ऐकून व्हर्डेल भिंतीला धरून उभी राहिली.

आणि रेनिटा... तिने पिठाच्या हातानेच तिला पॅसेजमध्ये गाठलं. "ताई, असं बोललीस तू तिला? मला वाटायचं तू हे सगळं आनंदाने करतेयस!"

"आनंदाने कोण करतं असलं काम?" व्हर्डेल म्हणाली, आणि कपडे वाळत घालायला अंगणात निघून गेली. दोरीवर चादर पसरून तिच्याआड ती बराच वेळ उभी होती. वारा चादर फुगवत होता, पाइनच्या काड्या भुरभुर गळत होत्या... आणि रडणं पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून ती चादरीचं टोक दातांत धरून रडत होती.

दुसऱ्या दिवशी सामान बांधणारे आले. त्यांचा मुकादम ओडम, पोटाने दारात आधी शिरणारा, बोलका माणूस. त्याची माणसं कागदाचे ढीग घेऊन खोल्याखोल्यांत पसरली आणि घरभर एक मंद सळसळ सुरू झाली. बांधलेल्या प्रत्येक वस्तूवर ओडम नंबराची हिरवी चिकटपट्टी लावत होता. रेनिटाच्या ड्रेसरच्या पाठीला मागच्या बदल्यांच्या पिवळ्या, केशरी पट्ट्या अजून होत्याच. त्या काढायच्या नसतात. काढल्या की सामान वाटेत हरवतं, असं रेनिटा म्हणायची आणि जोएल ते खरं मानायची.

"हे जाणार की राहणार, बाईसाहेब?" ओडम दर वेळी विचारी, आणि व्हर्डेल कोरड्या आवाजात सांगे, "जाणार." पलंग जाणार, पुस्तकं जाणार, मोडक्या हाताची बाहुली जाणार... एक मात्र तिच्याने देववलं नाही. जोएलचा पहिलीतला पिवळा रेनकोट, वरचं बटण तुटलेला. कपाटाच्या तळाशी तो दिसला तेव्हा तिने इकडेतिकडे पाहिलं, खाऊ चोरणाऱ्या मुलासारखा तो पोटाशी लपवला, आणि न्हाणीघरात पडद्यामागे टबात कोंबून आली. त्या कागदामागे तो सुरक्षित होता.

जोएल दिवसभर कुणाशी बोलली नाही. ओडमच्या मागे मागे फिरत राहिली. संध्याकाळी ती न्हाणीघरात हातपाय धुवायला गेली आणि फार वेळ बाहेरच आली नाही. व्हर्डेलला वाटलं, अजून रागावलीय. रागावू दे. राग धरून गेली तर मागे वळून बघणार नाही, आईचाच हात धरेल... देवा, तेवढं होऊ दे!

निघायच्या दिवशी, विमानतळावरची गार हवा सोसत नाही म्हणून व्हर्डेलने निळा स्वेटर घातला होता. रेनिटाने तिला ओझरतं आलिंगन दिलं. ओठ घट्ट मिटलेले. मग जोएल पुढे आली. एका हाताने मावशीला धरलं, दुसऱ्या हाताचा तळवा तिच्या पाठीवर ठेवला आणि जोरात दाबला. एकदा नाही, दोनदा. चेहरा स्वेटरमध्ये असा लपवलेला की दिसला नाही. मग काचेच्या पलीकडे ती आईच्या शेजारून चालत गेली, आणि जाता जाता तिने आईचा हात धरलेला व्हर्डेलने पाहिला. तेवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं! मग तो हात दिसल्यावर तिच्या डोळ्यांपुढे अंधारी का आली?

बसमध्ये सगळं तरंगत होतं. रस्ता, झाडं, उन्हात पेंगणारी दुकानं... मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने वाकून, हसत विचारलं, "काय बाई, लांबचा प्रवास दिसतोय?"

"नाही हो, घरीच चाललेय," व्हर्डेल म्हणाली. म्हाताऱ्याचं जरा फिरलेलं असावं, असं तिला वाटलं.

घरात शिरल्यावर तिच्या पावलांचा आवाज झाला. इतका कधी होत नसे. ती कुठेही न थांबता तडक न्हाणीघरात गेली आणि पडदा सारला. टबात रेनकोट नव्हता! तिने टब पुन्हा चाचपला... आणि मग दिसलं, तो खुंटीवर टांगलेला होता. नीट, बाह्या सरळ करून. वरच्या तुटक्या बटणाच्या जागी एक नवं, वेगळंच बटण शिवलेलं होतं. ओबडधोबड टाक्यांचं, जोएलच्या स्वतःच्या जांभळ्या फ्रॉकचं.

म्हणजे तिने पाहिला होता. दमलेली, कंटाळलेली, खोली रिकामी करायला निघालेली मावशी तिचा जुना रेनकोट चोरून ठेवते, हे तिने पाहिलं होतं! पोरीला कळून चुकलं होतं... सगळं कळून आईचा हात धरून गेली होती.

रेनकोट छातीशी धरून व्हर्डेल वळली, आणि दारावरच्या आरशात तिला ओझरती स्वतःची पाठ दिसली. निळ्या स्वेटरवर, बरोबर मधोमध, ओडमच्या नंबराची एक हिरवी चिकटपट्टी.

जाणाऱ्या सामानाची!

ती टबाच्या काठावर बसली आणि मोठ्याने, लहान मुलासारखी, ऊर फुटेस्तोवर रडली.

फोन वाजला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. आधी रेनिटाच होती. "ताई... विमानात सांगितलं तिने. खोटं बोललीस तू. माझ्यासाठी! आणि मी तुला निरोपसुद्धा धड दिला नाही..."

"वेडी आहेस," व्हर्डेल म्हणाली. "कॉर्नब्रेड करतेस ना तिला? कडा करपू देत जा."

"ती म्हणते मी मधोमधसुद्धा करपवते." आणि मग दोघी बहिणी समुद्राच्या दोन काठांवर एकदमच हसल्या, हसता हसता रडल्या.

मग पलीकडे खसफस झाली. "मावशी? नर्स आली का गं राहायला?"

"नाही बाई अजून."

"येणारच नाही ती. तू पाठ बघितलीस?"

"बघितली."

"काढू नकोस हां! काढलीस तर वाटेत हरवशील."

रविवारी व्हर्डेल चर्चला गेली, उकाडा असूनही तोच निळा स्वेटर घालून. प्रार्थना संपल्यावर मागच्या रांगेतल्या बाईने हलकेच तिच्या खांद्याला हात लावला.

"व्हर्डेल, तुझ्या पाठीला काहीतरी चिकटलंय. काढू का?"

"राहू द्या," व्हर्डेल म्हणाली. "मी अजून पोचायचीय."