डिकीवरचं नाव

आधीच सांगून ठेवतो, हे कुणाला पटणार नाही. प्रवरेच्या पुरातून एसटीच्या टपावर म्हैस बसवून आणली, ही माझी गोष्ट लोकांना पटते. बिबट्याला बिडी पाजली, हीसुद्धा अर्ध्या गावाला पटते. ही एकच गोष्ट अशी आहे, की ती खरी आहे, म्हणूनच तिला गिऱ्हाईक नाही.

संगमनेरपासून जवळच आमची वस्ती. गोठा, गोठ्यापुढे लिंबाचं झाड, झाडाखाली पत्र्याचं शेड, आणि शेडमध्ये माझी पांढरी अँबेसिडर. तोंड रस्त्याकडे, डिकी भिंतीकडे. मी ती नेहमी अशीच लावतो.

त्या दिवशी सकाळी शेजारच्या अकोल्याहून गहिनीनाथ नावाचा एक तरुण आला. मी गाडी विकायला काढली नव्हती, पण कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. त्याने बॉनेट उघडायला लावलं. मी सेल्फ मारला, इंजिनाने पहिल्या झटक्यात धरलं. तो बॉनेटच्या कडेवर तळहात ठेवून बघत राहिला.

"तात्या, जुन्या गाडीचा असला आवाज? शिलाईचं मशीन हाय नुस्तं. मला द्या. दसऱ्याला मागं आमच्या पोरीचं, निकिताचं नाव टाकतो."

मी इंजिन बंद केलं.

"बस त्या बाजेवर," मी म्हणालो. "आधी ऐक."

आमची नात स्नेहल तेव्हा दुसरीत होती. पोरीला गाडी लागायची. एसटीचा तो डिझेलचा वास आला की हिचा चेहरा पिवळा. आवळा द्या, लिंबू हुंगवा, पुढच्या सीटवर बसवा, काही उपयोग नाही. मामाच्या गावाला जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून रडायची. म्हणून मी ठरवलं, स्वतःची गाडी घ्यायची, काचा खाली करायच्या आणि पोरीला सावकाश फिरवायची.

बेलापूरला आक्काबाई नावाच्या म्हातारीच्या परसात ही गाडी बाभळीखाली उभी होती. चाकं मातीत रुतलेली. सीटमध्ये उंदरांनी पिल्लं घातलेली. तळाचा पत्रा इतका कुजलेला, की आत बसल्यावर दोन पायांच्या मधून गवत दिसायचं. डिकीवर मात्र लाल रंगात, वेलबुट्टी काढून, एक लांबलचक नाव होतं. राजनंदिनी.

म्हातारीने घासाघीस केली नाही. मी पुरतं विचारायच्या आत कनवटीची चावी काढून माझ्या हातावर ठेवली आणि घरात निघून गेली.

जुनी गाडी नीट करणं म्हणजे एक दात दाखवायला जावं आणि अख्खी बत्तिशी हलावी. तळाला नवा पत्रा मारला, तर दार बसेना. दार ठोकून बसवलं, तर काच तडकली. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, रेडिएटर चाळणी झालेला. पार्ट एका गावात मिळायचा आणि बसवणारा दुसऱ्या गावात. माझा मुलगा आदिनाथ म्हणाला, "तात्या, म्हातारपनी दुसरं लगीन केलं असतं, तरी एवढा ताप झाला नसता." पण ज्या दिवशी इंजिनाने पहिल्यांदा धरलं, निळा धूर सोडला आणि मग आपलं आपण एका लयीत चालू लागलं, त्या दिवशी मला माझे दुखरे गुडघे आठवलेसुद्धा नाहीत. ते सुख ज्याने घेतलं त्यालाच कळतं.

नाव टाकायचं तेवढं राहिलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भागवत पेंटरकडे गेलो. त्याने डिकीवरून बोट फिरवलं.

"जुनं नाव पत्र्यापर्यंत घासायचं, तात्या, मगच नवं. गाडी हितं सोडा आन् परवा या."

परवा? घरी झेंडूचे हार आणून ठेवलेले. दसऱ्याला गाडी बिनपूजेची ठेवतात का कुठे?

"वरूनच मार," मी म्हणालो.

त्याने नाखुशीने पांढरा पट्टा ओढला आणि वर स्नेहल लिहिलं. नाव तोकडं पडलं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी जुन्या नावाची टोकं लाल दिसत राहिली.

दसऱ्याला चाकाखाली लिंबू चिरडलं आणि सगळे फिरायला निघालो. स्नेहल मागे डावीकडे बसली. त्या दाराची काच खाली घ्यायचं हँडल अडकायचं. मेकॅनिकने हात टेकले होते. स्नेहलने ते आधी जरा वर उचललं, खट्ट झालं, मग फिरवलं. काच सरसर खाली गेली.

"कुनी शिकवलं गं?"

"ह्याचं असंच असतंय," ती म्हणाली.

घाट चढलो, उतरलो. पोरीला गाडी लागली नाही. तिने आवळासुद्धा मागितला नाही. मी वाटेत थांबून सगळ्यांना भेळ खाऊ घातली.

स्नेहल डावखुरी होती. तिची आई, आमची सून पूजा, तिच्यामागे सारखी लागायची, उजव्या हाताने जेव म्हणून. दिवाळीत पोर आपणहून उजव्या हाताने जेवायला लागली. पूजाने तिची दृष्ट काढली. मग तिच्या हनुवटीवरची खूण, जात्यावर पडली होती तेव्हाची, ती एके दिवशी दिसेना. पोरांची कातडी लवकर भरते, असं आदिनाथ म्हणाला. मीही म्हणालो.

गाडी मी स्वतः धुतो. दर धुण्याला तो पांढरा पट्टा पातळ होत गेला. आणि खालचा लाल रंग फिका नव्हता. आताच ब्रश उचलल्यासारखा ओला दिसायचा. भागवतने पुन्हा रंगवून दिलं. पुन्हा तेच.

"माझा रंग असा उडत न्हाई," तो म्हणाला. डोळ्याला डोळा देईना. "दुसऱ्याकडं न्या, तात्या."

एका दुपारी स्नेहल अंगणात चिंचोके खेळत होती. मी हाक मारली. तिने वर पाहिलं नाही. पुन्हा मारली. चिंचोके उडत राहिले, झेलले जात राहिले. उजव्या हाताने.

मग मी, का कोण जाणे, हळूच दुसरं नाव घेतलं.

"काय, तात्या?" ती म्हणाली.

मी तसाच गाडी काढून बेलापूरला गेलो. आक्काबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"बाई, तुमची राजनंदिनी," मी विचारलं, "ती वारली का?"

"आमची कशी असंल? मालकांनी गाडी घेतली, तवाच ते नाव हुतं मागं. त्यांनी वरून आमच्या नातीचं घातलं."

"नातीचं नाव काय?"

तिच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. ओठ हलले. तिने घराकडे पाहिलं, मग बाभळीखालच्या मोकळ्या जागेकडे.

"बघा की," ती म्हणाली. "जिभंवर हाय निस्तं."

"आन् नात कुठाय?"

मीच वेडा असल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुमी गाडी न्हेली न्हवं? गाडीसंगंच गेली की."

गहिनीनाथ बाजेवरून उठला होता.

"म्हंजी," तो हळू आवाजात म्हणाला, "ही गाडी इकली, न्हाईतर भंगारात गेली, तर तुमची नात..."

मी उघडं बॉनेट खाली दाबलं. क्लच जळला की मी त्याच दिवशी नवा बसवतो. बॅटरी उतरू देत नाही. माझ्यामागे हे कोण करील, हा एकच घोर मला आहे.

घरातून कपबशांचा आवाज आला. पूजा चहा घेऊन येत होती.

"अरे, पुढं तर ऐक!" मी मोठ्याने म्हणालो. "घरी आलो, पॉलिश पेपर घेतला. घास घास घासलं. नावाखाली नाव, त्याखाली आणखी नाव. पार पत्रा उघडा केला. दुसऱ्या दिवशी आमची स्नेहल डाव्या हातानं जेवली! हनुवटीवरची खूणही आली जागेवर. संपलं."

गहिनीनाथने श्वास सोडला आणि हसला.

"लई थापाडे तुमी, तात्या. मंग आता इकायला काय हरकत हाय?"

शेडमध्ये खट्ट झालं.

मागची डावी काच सरसर खाली गेली.

गहिनीनाथने वाकून गाडीत पाहिलं. "ही का तुमची स्नेहल?"

पूजाने त्याच्या हातात चहा दिला. तीही हसत होती.

"भाऊ, तात्यांचं काय मनावर घेता? खोटं हाय सगळं. आमची एकुलती एक पोरगी, राजनंदिनी." मग ती माझ्याकडे वळली. "स्नेहल कोन, तात्या?"