चौथ्या खोलीतला अर्धा माणूस

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नोंद्याने जाहीर केले, "काल रात्री चौथ्या खोलीत अडीच माणसे झोपली होती."

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. "अडीच?"

"दोन पूर्णांक एक छेद दोन," नोंद्या म्हणाला. तो यंत्रमानव होता आणि विनोद करत नसे. "मी पलंगाखाली पाहिले. कपाटातही पाहिले. अर्धा माणूस सापडला नाही."

साल होते २०६१. मालवणच्या किनाऱ्यापासून नऊ किलोमीटरवर, समुद्राच्या तळाशी, एक निवासकेंद्र उभे होते. तिथे अकरा माणसे राहत आणि मेलेल्या प्रवाळांच्या (समुद्रात वसाहती करून राहणाऱ्या बारीक जिवांच्या) जागी नवे तुकडे लावत. हवा मोजकी होती. कोणत्या खोलीत किती प्राणवायू खर्च झाला, हे मोजणे नोंद्याचे काम. चौथ्या खोलीत दोघेच राहत: केंद्राचे प्रमुख शास्त्रज्ञ विश्राम पेडणेकर, म्हणजे आबा, आणि सुटीला आलेली त्यांची बारा वर्षांची नात ऋजुता.

ऋजुताचा हात पाचव्या घावनावर थबकला. "कुठेतरी गळती असेल," ती घाईने म्हणाली.

"गळती असती तर फक्त प्राणवायू कमी झाला असता," आबा म्हणाले. "इथे कार्बन डायऑक्साइडही वाढलाय. म्हणजे हवा बाहेर गेली नाही. कुणीतरी ती श्वासात घेतलीय."

"आबांचे वय एकाहत्तर," नोंद्याने हिशेब मांडला. "त्यांच्या हृदयात बिघाड असू शकतो. त्यांना आजच वर किनाऱ्यावर पाठवावे."

"अरे, मला कसला बिघाड!" आबा हसले. पण त्यांनी नकळत छातीवर हात ठेवला, आणि ते ऋजुताने पाहिले.

रविवारी तिची पहिली बुडी होती. स्वतःचे नाव लिहिलेला प्रवाळाचा तुकडा ती स्वतःच्या हाताने लावणार होती. अट एकच होती, नाडीचे ठोके नव्वदच्या आत हवेत. आज सकाळी ते एकशे अठरा होते. गप्प बसले तर आबांना वर जावे लागेल. बोलले तर रविवार गेला.

"आबा, तो अर्धा माणूस मीच आहे," ती म्हणाली. "मी गोळ्या बंद केल्यात. दहा दिवस झाले."

आबा रागावले नाहीत. त्यांनी तिचे मनगट हातात घेतले. तिची बोटे बारीक थरथरत होती आणि तळवा गरम होता.

ऋजुताच्या गळ्यातली अवटू ग्रंथी (थायरॉइड, फुलपाखराच्या आकाराची लहानशी ग्रंथी) गरजेपेक्षा जास्त काम करत होती. या ग्रंथीचे संप्रेरक (रक्तातून निरोप नेणारे रसायन) शरीराला सांगते की अन्न किती वेगाने जाळायचे. ते जास्त झाले की सगळेच धावू लागते. भूक वाढते, तरी वजन घटते. उकडते, छाती धडधडते आणि प्राणवायू जास्त लागतो.

"बंद का केल्यास गं?"

"रिपोर्टमध्ये होतं ना, टीएसएच फार कमी! थायरॉइड कमी, मग ती आणखी कमी करायची गोळी कशाला घ्यायची? उलट मी वाढवायला बघितलं. समुद्रशेवाळात आयोडीन असतं, म्हणून रोज वाटीभर चटणी खाल्ली."

"वाटीभर? तरीच बरणी रिकामी झाली, आणि मी बिचाऱ्या नोंद्यावर संशय घेतला!"

"मी चटणी खात नाही," नोंद्याने नोंदवले.

आबा तिला पाण्याच्या यंत्रापाशी घेऊन गेले. हे यंत्र समुद्राचे खारे पाणी गोडे करून टाकीत सोडत असे. टाकीतली पातळी घटली की पहारेकरी यंत्रणा हाक देई, तिचा हिरवा दिवा लागे आणि पाणी येऊ लागे. टाकी भरली की दिवा विझे आणि यंत्र थांबे.

"हा दिवा म्हणजे तुझं टीएसएच," आबा म्हणाले. "मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी रक्तावर पहारा ठेवते. थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की ती हाक देते, 'काम कर!' टीएसएच हे थायरॉइडचं संप्रेरक नव्हे, ही त्याच्यासाठी दिलेली हाक आहे."

मग त्यांनी यंत्राच्या हातबटणावर गोटा ठेवला. यंत्र घरघरू लागले. टाकी काठोकाठ भरली, वरून वाहू लागली आणि पाणी नोंद्याच्या पायांवर पडले.

"पूर!" नोंद्या ओरडला.

"हिरवा दिवा बघ."

दिवा विझलेला होता. ऋजुता वाहत्या टाकीकडे आणि विझलेल्या दिव्याकडे आळीपाळीने पाहत राहिली.

"पाणी जास्त झालंय, म्हणून पहारेकरी गप्प बसलाय," ती सावकाश म्हणाली. "हाक शून्य, पण यंत्र चालूच. मग बटणावर गोटा कुणी ठेवला?"

"तुझ्याच शरीरातल्या प्रतिपिंडांनी (रोगजंतूंशी लढणाऱ्या रेणूंनी). काही जणांमध्ये ती चुकून थायरॉइडचंच बटण दाबून धरतात. तुझी गोळी संप्रेरक तयार होणं कमी करते. आणि आयोडीन हा तर त्याचा कच्चा माल!"

"आणि मी तो वाटीनं ओतला," ऋजुता कपाळाला हात लावून म्हणाली.

आबांनी गोटा उचलला.

किनाऱ्यावरच्या डॉ. मुकादमांनी पडद्यावरून सगळे ऐकून घेतले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि धडधड आवरायला आणखी एक गोळी मिळाली. शेवाळाची चटणी बंद झाली. "या गोळ्यांनी क्वचित रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून ताप आला किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी कळवायचं," त्यांनी बजावले. "वर्ष-दीड वर्ष गोळ्या घ्याव्या लागतील. पुष्कळांना त्या नंतर थांबवता येतात. नाही भागलं तर दुसरे उपायही आहेत. पण बंद कधी करायच्या, ते मी सांगणार. आणि रविवारची बुडी रद्द."

रविवारी ऋजुताने काचेतून इतरांना बुड्या मारताना पाहिले. तिला रडू आले, ते तिने लपवले नाही. तिचा तुकडा आबांनी काचपात्रात ठेवला.

दिवाळीच्या सुटीत ती पुन्हा आली तेव्हा नोंद्याने सकाळी सांगितले, "चौथ्या खोलीत दोन माणसे. अर्धा माणूस निघून गेला." लगेच त्याचा लाल दिवा लुकलुकला. "सावधान! ऋजुताचा नवा रिपोर्ट आला आहे. थायरॉइडचे संप्रेरक योग्य. टीएसएच अजूनही कमी! गोळी बंद करावी काय?"

"खबरदार!" ऋजुता म्हणाली. "टाकीची पातळी आत्ता कुठे ठीक झालीय. पहारेकरी इतके महिने गप्प बसलाय, त्याला जाग यायला वेळ लागतो. डॉक्टर म्हणाल्यात, तोपर्यंत गोळी चालूच."

"नोंद घेतली," नोंद्या म्हणाला. "नाडी ब्याऐंशी. बुडीला डॉक्टरांची परवानगी आली आहे."

काचपात्रातला तुकडा या काळात सात मिलिमीटर वाढला होता. ऋजुताने तो ओंजळीत घेतला. हात जराही थरथरला नाही. आबांनी समुद्रात उतरायचे दार उघडले.