कोऱ्या पाकिटाचा डाव

"सोंगटीला हात लावायच्या आधी मोठ्याने म्हणायचं, 'नीट करतेय.' विसरू नकोस, पोरी."

ग्रेगोरकाकांचं हे बोलणं झोफ्काने हसण्यावारी नेलं.

ही ऐकीव भुताटकी नाही. जिच्या जिवावर बेतलं, तिनेच ही हकीकत सांगितली आहे... तिच्या आईने तिला सांगितली तशी. दिवस ३ नोव्हेंबर १९३१. जागा, स्लोव्हेनियातल्या टोप्लित्से गावचं गरम झऱ्यांवरचं हॉटेल. वेळ दुपारी चारची. त्या दिवसांत तिथे चारलाच अंधारून येतं.

दोन वर्षांपूर्वी त्या हॉटेलात बुद्धिबळाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती. नवव्या दिवशी एक डाव संध्याकाळपर्यंत संपेना. अशा वेळची रीत ठरलेली. ज्याची पाळी त्याने आपली चाल कागदावर लिहायची, पाकिटात बंद करून पंचांना द्यायची, डाव दुसऱ्या दिवशी पुढे न्यायचा. चाल लिहायला विसरला, तर डाव गेला.

काळ्या सोंगट्या घेऊन खेळणाऱ्या विर्सिसने पाकीट दिलं. तळ्याकडे फिरून येतो म्हणाला...

सकाळी तो तळ्यातच सापडला.

मालकाने ते टेबल तसंच ठेवलं. मांडलेला पट, दोन तबकड्यांचं बंद घड्याळ, लाखेने मोहोरबंद केलेलं पाकीट. उन्हाळ्यात पाहुणे मुद्दाम बघायला येत.

झोफ्का शिक्षिका व्हायला शिकलेली, पण नोकरी मिळाली ती झाडलोटीची. नवरा फ्रान्सच्या खाणीत. सात महिन्यांच्या अनिकाला टोपलीत घालून ती कामावर यायची. स्पर्धेत पट मांडणारे म्हातारे ग्रेगोरकाका आता तिथले राखणदार. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, शिवलेली सोंगटी खेळावीच लागते. नुसती सरळ करायची असेल तर आधी तसं बोलायचं. नाहीतर डाव तुझ्या गळ्यात.

"कॉलेजात हे शिकवलं नाही वाटतं?"

"मेलेल्याला खेळायचंय तर आधी बूट पुसून यावं," ती म्हणाली. "फरशी मला पुसावी लागते."

त्या दुपारी दालनात मायलेकीच होत्या. टोपली शेगडीजवळ. फडकं मारताना झोफ्काचं बोट एका पांढऱ्या प्याद्याला लागलं. ते डगमगलं. तिने पटकन धरलं.

बोलली काहीच नाही.

टिक...

टिक...

पांढऱ्याच्या बाजूचं घड्याळ चालू झालं होतं. दोन वर्षं त्याला कुणी किल्ली दिली नव्हती.

मग एकेक आवाज बंद झाला. शेगडीतलं लाकूड तडतडेना. पन्हळीतलं पाणी ठिबकेना. आणि... पावाचा तुकडा चोखण्याचा अनिकाचा आवाज.

तोही नाही.

झोफ्का वळली.

टोपलीत दुलई होती. दुलईत ऊब होती.

मूल नव्हतं.

ती दाराकडे धावली आणि तिथेच थिजली. पायपुसणं ओलं होतं... तळ्याकाठचा काळा चिखल त्यावर होता. कुणीतरी बूट अगदी नीट पुसले होते.

मागे काळ्याची खुर्ची करकरली.

दुसरी एखादी किंचाळली असती. झोफ्कालाही पळावंसं वाटलं. पण पोर सोडून जायचं कुठे? ती परत फिरली आणि पांढऱ्याच्या खुर्चीत बसली. समोर कुणी नव्हतं. ओल्या लोकरीचा वास तेवढा येत होता.

"नियमानेच खेळायचं ना?" ती म्हणाली. आवाज कापत होता. "मग आधी तुझी चाल बघू."

तिने लाख फोडली. कागद उलगडला.

कोरा.

मागून कोरा. पुढून कोरा.

"लिहिलीच नाहीस तू," ती म्हणाली. आता आवाज कापत नव्हता. "दोन वर्षांपूर्वीच हरलास. माझी पोर जिथून उचललीस तिथे ठेव आणि चालता हो."

टिक...

पुढची टिक आलीच नाही.

काळा राजा हळूच आडवा झाला. बोटाने कुणी निजवावा, तसा.

आणि टोपलीतून अनिका रडली.

ग्रेगोरकाका धावत आले. कोरा कागद पाहून त्यांनी छातीवर क्रूस काढला. मग सवयीने सोंगट्या मोजल्या. एक पांढरं प्यादं कमी होतं. झोफ्काने धरलेलं तेच.

ते अनिकाच्या मुठीत होतं. तीन दिवस तिने ते सोडलं नाही. दूध पिताना नाही, झोपेतही नाही.

"शिवलेलं खेळायचं राहिलं, पोरी," काका म्हणाले.

"राहू दे. त्याचा डाव संपलाय. प्यादं माझं."

तिने ते एप्रनच्या काठात शिवून टाकलं आणि मरेपर्यंत कुठल्याही पटावर ठेवलं नाही.

आता ते अनिकाकडे आहे. तिच्या घरात नात रांगते. आणि ती सांगते, नोव्हेंबर लागला की बाहेर पाऊस नसतानाही... एखाद्या दुपारी दारातलं पायपुसणं ओलं असतं.

तुमच्याही घरी तान्हं मूल झोपलं असेल, तर हे ठेवून उठा. आधी पायपुसण्याला हात लावून बघा. मग पाळण्यात डोकवा. आणि त्याची मूठ मिटलेली असेल, तर उघडायच्या आधी मोठ्याने म्हणा...

"नीट करतेय."