दोन हायत

तिसगावच्या बाजारातून अंगद दर वेळी पाव किलो साखर जास्तीची घ्यायचा. चहापुरत्या साखरेवर त्याचं घर भागत नव्हतं. त्याच्या आईला, मालनबाईला, दोन वर्षं साखर चारूनच शुद्धीवर आणावं लागत होतं.

सकाळी ती उठायची ती दुसरीच कुणी होऊन. अंगाला दरदरून घाम, नजर भिंतीपलीकडे आणि आवाज जाड, घोगरा. पोटच्या पोराला ओळखायची नाही. गावच्या भगताने देवीचा वारा सांगितला, मंगळवारचा उपवास लावला आणि अंगाऱ्याबरोबर गुळाचा खडा तोंडात घातला. पाच-दहा मिनिटांत मालनबाई ठणठणीत! मग काय, सगळं गाव भगताच्या पायाशी. अंगदचं डोकं फिरायचं, कारण उपवासाच्या दिवशीच दुखणं उसळत होतं, आणि हे कुणी ऐकूनच घेत नव्हतं. डॉक्टरही कमी नव्हते. एकाने फिट सांगितली, दुसऱ्याने वेड, तिसऱ्याने नुसताच गॅस.

शेवटी नगरच्या डॉक्टर सुचित्रांनी तिला वॉर्डात मुद्दाम उपाशी ठेवलं आणि दर काही तासांनी रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी लाईट गेली. पंखा थांबला. फिनेलचा वास एकदम दाट झाला आणि आईने हळूच मान वळवली.

"दोन हायत, पोरा... येकच काढत्याल..."

सिस्टर धावली. शुगर अडतीस, हवी त्याच्या जेमतेम निम्मी. सलाईनमधून ग्लुकोज गेलं तशी आईने त्याला नावाने हाक मारली.

स्वादुपिंडात वाटाण्याएवढी एकच गाठ सापडली. उगाच इन्सुलिन ओतून रक्तातली साखर पाडणारी, हजारात नव्हे, लाखांत एखाद्याला होणारी, आणि तीही कॅन्सरची. "बेशुद्धीत त्या काही बोलल्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई मॅडम. नुसती बडबड." भगताच्या पंगतीत बसायची अंगदला लाज वाटली.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. अंगद हॉस्पिटलच्या जिन्यात बसून ढसाढसा रडला.

तीन महिने बरे गेले. आज सकाळी मात्र चुलीपाशी तोच जाड आवाज आला. एका हातात साखरेचा चमचा, दुसऱ्यात शुगर मोजायचं मशीन घेऊन तो धावला. आईचं बोट टोचलं.

एकशे दहा.

पुन्हा टोचलं. एकशे दहाच, साखर अगदी ठीक. अंगाला घाम नव्हता. घरात कधी फिनेल आणलं नव्हतं, तरी त्याचा वास नाकात चढला.

आईने त्याच्या हातातला चमचा शांतपणे बाजूला सारला.

"सांगितलं न्हाईस ना... मॅडमला?"