चौथी खुर्ची

गेल्या पौषातली अमावास्या, रविवार. आपल्या वरच्या वाडीतला भरत महाडच्या एमआयडीसीतली दुसरी पाळी संपवून मोटरसायकलवर घरी निघाला होता. वाटेत तिकिटं काढायची होती. हसू नका रे पोरांनो, भरत काही लांब राहत नाही, उद्या जाऊन विचारा त्याला.

तिकिटं मुंबईतल्या ऑर्केस्ट्राची. आपल्या जत्रेतला नाचगाण्याचा नव्हे. साठ-सत्तर माणसं व्हायोलिनं नि बासऱ्या घेऊन बसतात आणि पुढं एकटा पियानोवाला वाजवतो, तो. भरतची लेक सेजल मामाकडे राहून व्हायोलिन शिकली आणि त्यात पहिल्यांदाच वाजवणार होती. "बाबा, तिकिटं संपत आलीत, आजच काढा. तुम्ही समोर नसलात तर माझा हातच चालणार नाही," असं तिनं दुपारी फोनवर सांगितलेलं. पोरीचा हात चालावा, भरतला दुसरं काही नको होतं.

वाडीत रेंज नाही. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलं की पहिल्या मोठ्या वळणावर शेवटची मिळते. तिथं त्यानं गाडी लावली. जाणारी माणसं तीन: तो, बायको मैना आणि आई रंगूबाई. म्हातारीनं सकाळीच बजावलं होतं, "तिघांनी जायाचं नाय रे. वाटंवरचा खडा खिशात टाक, त्याला चौथा म्हन, मगच तिकिटं काढ." आपल्याकडे सगळेच करतात. भरतनं अंधारात हात फिरवला, हाताला लागला तो दगड उचलला.

"चल रे, तू चौथा."

आता त्या वळणावर काय आहे? दरीत पडून मेलेल्या एका बेवारस माणसाच्या नावानं येणारा-जाणारा एकेक दगड ठेवतो, ती रास. तिथं ठेवायचा असतो. उचलत कोणी नाही. घाईत गाढवाच्या ध्यानातच आलं नाही.

मोबाईलवर खुर्च्या दिसल्या. त्यानं तीन निवडल्या. चार हिरव्या झाल्या. एक कमी केली. परत चार. बोट घामेजलं असेल म्हणून शर्टाला पुसलं.

चार...

मागं गाडीची सीट करकरली. कोणी बसावं तशी.

"माझी खुर्ची कशाला घालवतोस?"

"को... कोन हाय?"

"तूच म्हनलास ना... चल."

भरतनं दगड दरीत भिरकावला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही. खुर्च्या मात्र तीन झाल्या. कशीबशी तिकिटं निघाली. अंधारात कोणीतरी हसलं.

"मला खुर्ची नाय? बरं... मग मी पोरीजवळ बसंन."

भरतनं हे घरात कोणाला सांगितलं नाही. पोर घाबरेल, हात चालायचा नाही, हीच धास्ती.

कार्यक्रमाला तिघंही गेली. पियानोवाल्यानं काय वाजवलं ते भरतला आजही सांगता यायचं नाही. त्याची नजर सेजलवर. तिथं दोघांत मिळून सुरांच्या कागदांचा एकच स्टँड असतो, शेजारचा थांबून पान उलटतो. सेजलच्या जोडीदारणीला ताप, ती आलीच नव्हती. शेजारची खुर्ची रिकामी. पोर मात्र वाजवत राहिली. एकदाही थांबली नाही.

टाळ्या पडल्या. मैना रडली. भरतच्या जिवात जीव आला.

सेजल बाहेर आली. पांढरीफटक.

"बाबा... मी एकही पान उलटलं नाही."

"मग?"

"आणि हात..."

"हात चांगला चालला की गो!"

"तो... मी चालवत नव्हते."

तिनं उजवी बाही वर केली. मनगटावर चिखलाची पाच बोटं. ओली.

तिथल्या तिथं धुतली. घासली...

अजून निघालेली नाहीत.