करडा गोल

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्या. माझ्या नवऱ्यानेही घेतलं.

पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या दिराच्या बाबतीत घडलं आणि मी ते ऑफिसच्या खुर्चीत बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं त्यांना सांगते, लख्ख दुपार होती. समोरच्या गॅरेजमध्ये कोणीतरी गाडी धूत होतं. डबे नुकतेच खाऊन झाले होते.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी काम करते. फोन घ्यायचे, कुठला मेकॅनिक कुठे आहे ते बघायचं. माझा धाकटा दीर तिथेच मेकॅनिक. मालकांच्या मागे लागून मीच त्याला चिकटवला. घरात सगळे त्याला बोका म्हणतात. फ्रिजमधलं दूध कधी संपतं ते त्याच्यामुळे कोणाला कळत नाही.

आमचं सगळं काम एका ऑनलाइन शीटवर चालतं. प्रत्येक लिफ्टची एक ओळ. मी ऑफिसमधून बघते, मेकॅनिक मोबाइलवरून भरतात, सगळ्यांना एकाच वेळी दिसतं. त्यात जीवन-मरणाचा असा एकच रकाना. मेकॅनिक लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरला की लिहितो, 'आत'. वर आला की 'बाहेर'.

'बाहेर' दिसल्याशिवाय मी कोणालाही लिफ्ट चालू करू देत नाही. कारण लिफ्ट खाली आली तर खड्ड्यातल्या माणसाला पळायला जागा नसते.

ही पद्धत काकांनी घालून दिलेली. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. ते पूर्ण वाक्य लिहायचे, पूर्णविरामासकट. 'मी आत आहे.' बोक्याचं नेमकं उलट. काहीतरी पाचकळ जोडल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. 'आत. उंदीर भेटला. तुझी चौकशी करत होता.'

काका हाडांच्या दवाखान्यातल्या लिफ्टच्या खड्ड्यात गेले. अपघात नव्हता. छातीत कळ आली, भिंतीला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. त्यांचं ते वाक्य त्या ओळीत बरेच दिवस तसंच होतं. मला पुसवत नव्हतं. शेवटी मालकांनी त्यांचं खातंच काढून टाकलं.

मग ते अपडेट आलं.

शीट उघडली की मधोमध एक चौकोन, 'नवीन काय आहे ते पाहा'. आमच्या मालकांना नव्याचा भारी सोस. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी एकेक बटण चालू केलं. आता कोण कुठल्या ओळीत आहे ते रंगीत गोलाने दिसणार. माझा गोल हिरवा, बोक्याचा पिवळा. प्रत्येक ओळीखाली एकमेकांशी बोलता येणार. कोणी काय बदललं याचा इतिहास दिसणार. आणि एखाद्या नोंदीत बराच वेळ हालचाल झाली नाही, तर शीट ती आपणहून पूर्ण करून टाकणार.

"विसरभोळ्यांची सोय झाली," मालक म्हणाले. "आता तुम्हाला प्रत्येकाच्या मागे लागायला नको."

नोंद पूर्ण करणं म्हणजे आमच्या शीटमध्ये 'आत'चं 'बाहेर' करणं, हे तेव्हा आमच्यातल्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

त्या दुपारी बोका हाडांच्याच दवाखान्यात होता. ओळीत त्याने लिहिलं होतं, 'आत. काकांच्या खोलीत. भाडं कोणाला द्यायचं?'

मला रागच आला. गेलेल्या माणसाची कसली थट्टा? मी खाली लिहिलं, 'घरी ये, जीभ हासडते.'

उत्तर आलं नाही. पिवळा गोल त्या ओळीवर नुसता थांबून होता.

मी दुसऱ्या कामाला लागले. बऱ्याच वेळाने फोन वाजला. दवाखान्याचा व्यवस्थापक होता.

"मॅडम, लिफ्ट चालू करतोय. वरच्या मजल्यावर आजी आहेत, पायाला प्लास्टर आहे, खाली गाडी येऊन थांबलीय."

"आमचा माणूस बाहेर आला का?"

"दिसत तरी नाही कुठे. गेला असेल. मी वर स्विचपाशीच उभा आहे. तुमच्या शीटमध्ये काय दिसतंय ते सांगा."

मी बघितलं. 'बाहेर'.

बोका न सांगता निघाला, मला वाटलं. टपरीवर गेला असणार. माझ्या तोंडात शब्द आलाच होता, 'करा'.

तेवढ्यात त्या ओळीवर एक गोल उमटला...

करडा.

आमच्यात करडा रंग कोणाचाच नव्हता. मी त्यावर माउस नेला. नाव आलं नाही. आणि माझ्यासमोर तो 'बाहेर' शब्द पुसला जायला लागला. मागून पुढे, एकेक अक्षर.

मग त्या जागी कोणीतरी टाइप करू लागलं. सावकाश... टाइप करायची सवय नसलेला माणूस अक्षर शोधत शोधत करतो तसं.

मी...

मी आत...

मी आत आहे.

शेवटी पूर्णविराम.

फोनवर व्यवस्थापक "हॅलो, हॅलो" करत होता.

"स्विचला हात लावू नका," मी म्हणाले. "खाली जा. खड्ड्यात हाक मारून बघा."

"अहो, चार मजले उतरू? आजींना..."

"आजींना बसवून ठेवा. माझा दीर आहे तो. तुमच्या पाया पडते, खाली जा."

तो कुरकुरत निघाला. मी फोन कानाला दाबून ऐकत होते. त्याच्या बुटांचा आवाज. त्याचा श्वास. कुठेतरी एक लहान मूल रडत होतं. मग खालचं दार सरकवल्याचा खरखराट.

"आहे का कोणी आत?"



मी मनात बोक्याला शिव्या घालत होते आणि देवाला हात जोडत होते, एकाच वेळी.

मग खूप खालून आल्यासारखा बोक्याचा आवाज आला. "आहे, आहे. येतो."

मी रडायलाच लागले. त्यामुळे पुढचं नीट ऐकू आलं नाही. पण बोक्याच्या मागोमाग आणखी एक आवाज आला, एवढं नक्की. जाड, थकलेला.

"अहो मॅडम," व्यवस्थापक वैतागून म्हणाला, "दोन माणसं पाठवलीत तर आधी सांगायचं ना."

"दोन?"

"एक म्हणतो येतो, दुसरा म्हणतो आधी मला जाऊ दे."

मी एकालाच पाठवलं होतं.

थोड्या वेळाने व्यवस्थापकच म्हणाला, एक जण वर आला. तरुण आहे, तुमचाच. मग व्यवस्थापकाने टॉर्च घेऊन आत बघितलं. दुसरं कोणी नव्हतं. "आवाज घुमतो इथे," असं स्वतःलाच समजावून त्याने फोन ठेवला.

शीटमध्ये नवीन नोंद आली होती. 'बाहेर आलो.'

तेव्हा त्यातलं काही खटकायला मी शुद्धीवर कुठे होते? दीर वाचला होता. मी मालकांना फोन करून त्या शेवटच्या बटणावरून असं काही झापलं की ते बिचारे सॉरीच म्हणत राहिले. बटण त्याच क्षणी बंद झालं.

संध्याकाळी बोका घरी आला. मी त्याला आधी दोन धपाटे घातले, मग जवळ घेतलं. त्याने मोबाइल खड्ड्यात पडून फुटला एवढंच सांगितलं, आणि हातपाय धुऊन जेवायला बसला.

घाबरलाय, आम्हाला वाटलं. होईल ठीक.

पण...

बोका ओला टॉवेल खुर्चीवर टाकायचा. आता झटकून दोरीवर वाळत घालतो. पहाटे सगळ्यांच्या आधी उठतो. बूट ओळीत लावतो, माझेसुद्धा. एक विनोद नाही, एक खोडी नाही.

फ्रिजमधलं दूध नासायला लागलंय.

"सुधारला," नवरा म्हणतो. "मरण समोर बघितलं की माणूस सुधारतो. तुला तेही बघवत नाही का?"

मला बघवत होतं हो. पण तो जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवतो. सासूबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला गेल्या, तर लांबच्या पाहुण्यासारखा अवघडून उभा राहिला. त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. कारण विचारलं तर म्हणाल्या, "भूक नाही." आईला कळलं असेल का? मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

मग एके दिवशी मी शीटचा इतिहास उघडला. आधीच का उघडला नाही म्हणाल, तर मला बघायचंच नव्हतं.

'आत. काकांच्या खोलीत...' हे बोक्याने लिहिलेलं.

'बाहेर' शीटने आपणहून केलेलं.

'मी आत आहे.' यापुढे 'काढून टाकलेला सदस्य'.

आणि 'बाहेर आलो.'...

यापुढेही 'काढून टाकलेला सदस्य'.

त्यानंतर बोक्याने त्या ओळीत काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे शीटच्या हिशेबाने बोका आत गेला होता. तो बाहेर आल्याची नोंद कुठेच नव्हती.

करडा गोल त्या ओळीवर नव्हता. पिवळा होता.

मला वाटलं, नव्या मोबाइलवर शीट उघडी राहिली असेल. त्या संध्याकाळी बोका माझ्यासमोर जेवत होता. मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, बंद. मी माझ्या मोबाइलवर शीट उघडली.

पिवळा गोल हलत होता.

मी टेबलाखाली हात धरून ओळीखाली लिहिलं. 'बोक्या?'

समोर तो शांतपणे घास चावत होता. ताटाकडे बघत.

उत्तर आलं...

'वहिनी, जीभ नंतर हासड. काका गेले वर. माझे बूट घालून गेले, चोर. मी अजून आतच आहे.'

माझ्या हातून मोबाइल खाली पडला. समोरच्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग खाली पडलेल्या मोबाइलकडे. वाकून उचलला, पुसला आणि पालथा करून माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"जेवून घ्या," तो म्हणाला.

मी कोणाला काय सांगू? नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला, कोणीतरी ऑफिसमधलं चेष्टा करतंय. मालक म्हणाले, अपडेटमध्ये घोळ असेल, कंपनीला कळवू. दवाखान्यात जाऊन मी स्वतः त्या खड्ड्यात टॉर्च मारून आले. तेलाचे डाग होते, धूळ होती. हाक मारली. माझाच आवाज परत आला.

पण शीटमध्ये तो असतो. रोज सकाळी ऑफिसला गेले की आधी त्या ओळीत काहीतरी लिहिते. उंदीर काय म्हणतो? जेवलास का? तो काहीतरी पाचकळ उत्तर देतो. मग मी कामाला लागते. माझ्यामुळे वाचलेला दीर घरी आहे. माझ्याशी बोलणारा दीर इथे आहे. दोघांपैकी कोणाला माझं म्हणू?

गेल्या आठवड्यात पुन्हा तो चौकोन आला. 'नवीन काय आहे ते पाहा'. जागा वाचावी म्हणून, ज्या ओळींत काम होत नाही त्या ओळी शीट आता आपणहून काढून टाकणार आहे. हे बंद करायला बटणसुद्धा नाही. मी सगळीकडे शोधलं. मालक म्हणाले, हाडांच्या दवाखान्याने लिफ्टचं काम दुसऱ्यांना दिलंय, ती ओळ गेली तर जाऊ दे.

मी सुट्टीच्या दिवशीही त्या ओळीत लिहिते. ताप होता तेव्हाही लिहिलं. तो उत्तर देतो तोवर ती ओळ चालू आहे, असं मी धरून चालले आहे.

आज सकाळी मी लिहिलं, 'बोक्या, आहेस ना?'

पिवळा गोल आहे. उत्तर अजून आलेलं नाही.